सुटली की सोडली

कायद्याच्या वर्गाचं पहिलं वर्ष संपलं तेव्हा आमच्या प्राध्यापकांनी दोन विद्यार्थ्यांची नावं फौजदारी अदालतीकडे पाठवली. उन्हाळ्याच्या सुटीत एक महिना अदालतीत आणि एक महिना तुरुंगात उमेदवारी करायची, कामकाज डोळ्यांनी पाहायचं, सांगतील ते लिहायचं आणि शेवटी न्यायाधीशांच्या सहीचा दाखला घेऊन यायचं. असा दाखला जवळ असला की ग्वाल्हेर दरबारच्या नोकरीत शिरायला सोपं जाई. दोघांपैकी दुसरा विषमज्वराने अंथरुणाला खिळला, म्हणून मी एकटाच गेलो.

आम्ही दौलतगंजात राहायचो. आमचं घराणं शिपायांचं. वडील दरबारच्या घोडदळात होते, आणि घोड्यावरून पडून गुडघा मोडल्यावर त्यांना पागेच्या कचेरीत बसवलं होतं. कलम धरून पोट भरणारा घरातला मी पहिलाच ठरणार होतो. वडिलांनी टोपी बाजारातल्या शिंप्याकडून मला काळा कोट शिवून आणला. मे महिन्याची लू, अंग भाजणारा वारा, वाहत होती, तरी तो कोट घालून मी रोज अदालतीत जायचो आणि घामाने भिजून परत यायचो.

न्यायाधीश मराठीच होते, दक्षिणेतून आलेल्या दरबारी घराण्यातले. शांत माणूस. त्यांच्या खालोखाल तिथे चालायचं ते पेशकारांचं. प्रत्येक खटल्याची कागदपत्रं त्यांच्या ताब्यात असत, कोणाला कधी पुकारायचं हेही तेच ठरवत. साठीचे कायस्थ गृहस्थ, डोळ्याला जाड काच. मला ते 'बरखुरदार', म्हणजे बेटा, म्हणायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं अक्षर पाहिलं आणि बयानं, म्हणजे जबान्या, उतरवायचं काम माझ्याकडे दिलं. खरं तर ते उमेदवाराचं काम नव्हे. पण त्यांची नजर मंद झाली होती, आणि माझं अक्षर मोत्यासारखं होतं.

मला स्वतःच्या हिंदीचाही फार गर्व होता. घरात आम्ही मराठी बोलायचो, गल्लीत पाऊल टाकलं की हिंदी. शाळेत हिंदीत मी पहिला यायचो. पण अदालतीत जी माणसं उभी राहत ती शाळेतलं हिंदी बोलत नसत. ती खेड्यांतून येत आणि आपल्या बोलीत बोलत. मला ती बोली कळायची, पण ती ओबडधोबड वाटायची. कागदावर जशीच्या तशी ठेवणं मला कमीपणाचं वाटे.

एके सकाळी पेशकारांनी मला बसवून बयान कसं लिहायचं ते समजावलं. "मुलजिम का बयान 'मैंने' से चलना चाहिए," ते म्हणाले. "मैंने यह किया, मैंने वह किया. हाकिम को पढ़ने में आसानी होती है." मी मान डोलावली. आरोपीचं वाक्य 'मी'पासून निघालं की हाकिमांना, म्हणजे न्यायाधीशांना, सोपं, हे मला पटलं. वाक्यं एका ओळीत उभ्या शिपायांसारखी दिसतील, असं वाटलं.

त्याच दिवशी दुपारी एका आरोपीचं बयान होतं.

तो दगडाच्या खाणीत काम करायचा. लष्कर म्हणजे आमच्या शहरापासून तांग्याने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर त्याचं गाव होतं. तिशीचा असेल. केसांत आणि भुवयांत दगडाची भुकटी अशी बसलेली की कोठडीत पंधरा दिवस काढूनही ती गेली नव्हती. त्याच्या हातून त्याचा एक सोबती मेला होता. दोघं खाणीत वरखाली काम करत होते, वरच्याच्या हातातली लोखंडी पहार खाली आली आणि खालच्याच्या डोक्यात बसली. तिथे तिसरं कोणी नव्हतं. पण आदल्या दिवशी दोघांचं भांडण झालं होतं. एक मोठी लादी तडकली होती आणि मेलेल्याने ठेकेदारासमोर दोष याच्यावर ढकलला होता. ते भांडण दहा जणांनी ऐकलं होतं.

त्याला वकील नव्हता. उभा राहिल्यावर त्याच्या ओठांना कोरड पडली होती, म्हणून मी चपराशाला सांगून त्याला पाणी द्यायला लावलं. तो ओंजळीने पाणी प्यायला आणि बोलू लागला. न्यायाधीश विचारत होते, तो उत्तरं देत होता, मी लिहीत होतो. भांडणाबद्दल त्याने काही लपवलं नाही. मग तो म्हणाला, "हमाए हाथ सें सब्बल छूट गओ, साब. बौ नीचें हतो."

सब्बल म्हणजे पहार. माझ्या हातून पहार सुटली, साहेब, तो खाली होता.

मी लिहिलं: 'मैंने ऊपर से सब्बल छोड़ा. वह नीचे था.'

हे मी मुद्दाम केलं नाही. सकाळी शिकलेला 'मैंने' लिहून झाला होता, आणि 'मैंने' लिहिल्यावर पुढे 'छूट गया' बसत नाही. मराठीतही बसणार नाही. वाक्य 'मी' या करणाऱ्यापासून सुरू केलं की पहार सुटत नाही, सोडावी लागते. हात पुढे सरकला आणि वाक्य पूर्ण झालं. ते मला नेटकंही वाटलं, हे मला आजही आठवतं.

नियमाप्रमाणे बयान त्याला वाचून दाखवायचं होतं. मी वाचलं, पण भरभर. बाहेर चार खटल्यांची माणसं खोळंबली होती. तो शाळेतलं हिंदी कितपत समजत होता, देव जाणे. सब्बल, ऊपर, नीचे हे शब्द ओळखीचे लागले असतील. "हओ," तो म्हणाला, आणि त्याने कागदावर अंगठा उमटवला.

आठवड्याने खटल्याची शेवटची सुनावणी झाली. सरकारी वकील उठले आणि त्यांनी ते बयान हातात घेतलं. इतर सगळं ते घाईत बोलले, पण माझी ती दोन वाक्यं त्यांनी सावकाश वाचली. दोन वाक्यांच्या मध्ये थांबून वाचली. तेव्हा मला ती पहिल्यांदा ऐकू आली.

मी पेशकारांच्या बाजूला बसलो होतो. समोर तो उभा होता, हात जोडून. न्यायाधीशांनी त्याला विचारलं, "यह तुमने कहा था?"

"कही हती हुजूर," तो म्हणाला. त्याला वाटलं, आपण म्हणालो तेच वाचलं जातंय.

त्या क्षणी उठून मला एवढंच म्हणायचं होतं की लिहिण्यात चूक झाली. दहा शब्दसुद्धा लागले नसते. मी पेशकारांकडे झुकलो आणि हळूच म्हणालो, "उसने 'छूट गया' कहा था. मैंने गलत लिखा."

त्यांनी कागदावरून डोळे काढले नाहीत. "अंगूठा लग चुका, बरखुरदार," ते म्हणाले. "अब बोलोगे तो लोग पूछेंगे कि बयान उमेदवार से क्यों लिखवाया. मेरी नौकरी जाएगी, तुम्हारा दाखला जाएगा. और हाकिम समझदार हैं, एक लफ्ज़ पर थोड़े ही फैसला करेंगे."

मी गप्प बसलो. ते शेवटचं वाक्य मला हवंच होतं, म्हणून मी ते लगेच खरं मानलं.

चार दिवसांनी निकाल लागला. सात वर्षं सक्तमजुरी. निकालपत्रात लिहिलं होतं की भांडण सिद्ध झालं आहे, आणि पहार आपण वरून सोडली हे मुलजिम स्वतःच सांगतो. त्याची बायको अदालतीच्या दाराशी बसली होती. तिला निकाल कोणी समजावून सांगितला नाही. दोन शिपाई नवऱ्याला बाहेर घेऊन निघाले तेव्हा ती उठून त्यांच्या मागे मागे चालू लागली, आणि फाटकापाशी तिला अडवलं गेलं.

त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. वडिलांनी विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. ते पाटावर बसले होते, दुखरा पाय लांब करून. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"तुला त्याच वेळी मालूम पडलं होतं ना, की हे चुकलंय?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग लिहिलंस ती एक चूक. ती कोणाचीही होते. गप्प बसलास ती दुसरी." पाय सावरून ते म्हणाले, "उद्या सकाळी साहेबांच्या घरी जा. काही गोष्ट नाही, दाखला गेला तर गेला. पागेत तुला कुठेही चिकटवून देईन मी."

दुसऱ्या दिवशी मी मुरारला गेलो. न्यायाधीशांचा बंगला तिकडे होता. वाटेत मी वाक्य तयार केलं, शंभरदा घोकलं. व्हरांड्यात वाळ्याच्या पडद्यावर नोकर पाणी शिंपडत होता. साहेब बाहेर आले, त्यांनी मला ओळखलं आणि समोरच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. मी उभाच राहिलो, तर म्हणाले, "बसा हो. इथे कचेरी नाही." मराठीत बोलत होते. वडिलांची चौकशी केली. मग म्हणाले, "पेशकार तुमची फार तारीफ करतात. अक्षरही पाहिलं मी तुमचं. महिना संपायला दोनच दिवस आहेत, आत्ताच देऊन टाकतो दाखला."

ते आत जाऊन कागद घेऊन आले. माझ्यासमोर लिहिला, सही केली, वाळवला. लिहिता लिहिता मला विचारलं, "काही काम घेऊन आला होता का?"

मी म्हणालो, "नाही, नमस्कार करायला आलो होतो."

एवढं बोलून मी कागद घेतला. परत येताना तांगा केला नाही, चालत आलो. वडील ओट्यावर वाट पाहत होते. माझ्या हातातला दाखला त्यांनी पाहिला, वाचला नाही. "सांगितलंस?" मी मान हलवली, नाही अशी. ते काठी टेकत उठले आणि आत गेले. त्या विषयावर ते माझ्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या महिन्याची उमेदवारी तुरुंगात होती. न जाण्याचं कारण मला सापडलं नाही. तुरुंगाचे मुख्य, दारोगा, मला घेऊन सगळीकडे फिरत. दऱ्या, म्हणजे सतरंज्या, विणण्याचे माग, भटारखाना, दवाखाना. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आम्ही दळणाच्या ओसरीत गेलो. तिथे नवे कैदी जात्यावर बसवलेले असत. त्यांत तो होता. केस कापले होते आणि भुवयांतली भुकटी आता पिठाची होती.

मला वाटलं, तो तोंड फिरवेल. तो उठून उभा राहिला आणि हसला. "साब, आप तौ बेई हो, जिन्नें हमाई बात लिखी हती." माझं म्हणणं लिहून घेणारे ते तुम्हीच, असं म्हणून शेजारच्या कैद्याला सांगू लागला की कचेरीत सगळे ओरडत होते, या साहेबांनी तेवढी माझी सगळी गोष्ट ऐकून घेतली, मला पाणी पाजलं.

दारोगांना ते ऐकून बरं वाटलं. त्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी जमिनीकडे पाहत होतो.

त्याला बायकोला पत्र लिहायचं होतं. दारोगांनी परवानगी दिली. मी तिथेच पोत्यावर बसलो आणि त्याने सांगितलं तसं, त्याच्याच बोलीत, एक अक्षर न बदलता लिहिलं. माझ्या छेन्यांना आणि हातोड्याला तेल लावून ठेव, गंज चढू देऊ नकोस. भिंतीला चीर गेली आहे ती बुजवून घे. मेलेल्याच्या आईच्या घरी जाऊन ये, ती शिव्या देईल, तरी जा. असं ते पत्र होतं.

पत्र घडी करताना त्याने विचारलं, "साब, अब कछू हो सकत का?"

होऊ शकत होतं. वरच्या अदालतीत अपील करता येत होतं, आणि त्याची मुदत अजून संपली नव्हती. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्या ओसरीत ते माहीत असलेला मी होतो, आणि दारोगांना माहीत असलं तरी ते त्यांचं काम नव्हतं. तुरुंगातून अर्ज लिहून पाठवायची सोय होती. मीच लिहून देऊ शकलो असतो. पण अर्जात काय लिहायचं? बयान चुकीचं उतरवलं गेलं, हेच. ते कोणी उतरवलं, हा पुढचा प्रश्न.

"देखेंगे," मी म्हणालो.

त्याने ते खरं मानलं. पुढचे पंधरा-वीस दिवस मी ओसरीकडे गेलो की तो माझ्याकडे पाही. विचारत नसे. मोठ्या माणसाला सारखं विचारू नये, एवढी रीत त्याला होती. मुदत कधी संपते ते मी मनातल्या मनात मोजत होतो. ज्या दिवशी ती संपली त्या दिवशी मला, लिहायला लाज वाटते, पण हलकं वाटलं. आता करण्यासारखं काही उरलं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. अदालतीत गप्प बसलो त्याला भीतीचं नाव देता येईल. हे भीतीहून निराळं होतं. हे मी रोज सकाळी उठून, विचार करून केलं.

उमेदवारी संपली. मी परीक्षा पास झालो. दाखला होता तरी दरबारची नोकरी धरली नाही, वकिली सुरू केली. दौलतगंजातच एका कापडवाल्याच्या दुकानावर खोली घेतली. कामं मिळू लागली. पेशकार वारले, त्यांच्या तेराव्याला मी जाऊन आलो. न्यायाधीश निवृत्त होऊन पुण्याकडे निघून गेले. लग्न झालं. माझी बायको इंदूरची, तिला माझ्या मराठीत हिंदी फार वाटायचं आणि ती ते सुधारायची. तिलाही मी हे कधी सांगितलं नाही.

निकालानंतर पाच वर्षांनी एका अशिलाच्या कामाने तुरुंगात गेलो होतो, तेव्हा चौकशी केली. दारोगा नवे होते. त्यांनी वही पाहून सांगितलं की दरबारातल्या एका आनंदाच्या प्रसंगी काही कैद्यांची शिक्षा कमी झाली, त्यांत तो चार महिन्यांपूर्वीच घरी गेला.

त्यानंतरच्या रविवारी मी तांगा करून त्याच्या गावी गेलो. आता सांगायला माझं काही जाणार नव्हतं. पेशकार नव्हते, साहेब नव्हते, माझा जम बसला होता. म्हणूनच मी गेलो, यात शौर्य काही नव्हतं.

तो घराच्या मागे बसला होता. खाणीत परत गेला नव्हता. कोणी त्याच्या खाली काम करायला तयार नव्हतं. घरी बसून जाती आणि पाटे टाकवून द्यायचा, म्हणजे झिजलेल्या दगडाला पुन्हा खरखरीत करायचा. केस पांढरे झाले होते. मला ओळखायला त्याला वेळ लागला. ओळखल्यावर बायकोला हाक मारून चटई टाकायला लावली. बायको पाणी ठेवून दाराआड उभी राहिली.

मी सांगितलं. या वेळी त्याच्या बोलीत सांगितलं, जमेल तशी. तू छूट गओ म्हणालास, मी छोड़ा लिहिलं. वकिलाने तेच वाचलं, साहेबांनी तेच धरलं. मला तेव्हाच कळलं होतं. अपील करता येत होतं, तेही कळलं होतं.

त्याने टाकी खाली ठेवली. मग विचारलं, "तौ तबई काए नईं कही?"

तेव्हाच का नाही सांगितलं? "डर लगा," मी म्हणालो.

तो माझ्या बुटांकडे पाहत होता. "डर तौ हमें सोऊ लगत हतो, साब," तो म्हणाला. "पै हमनें तौ सब सांची कै दई हती."

आवाज चढवला नाही. भीती मलाही वाटत होती, पण मी तर सगळं खरं सांगून टाकलं होतं, एवढंच. त्याच्याकडे याहून जास्त म्हणण्यासारखं होतं, पण त्याने म्हटलं नाही. मी म्हणालो, मी वकील आहे, तुझं काही काम असलं, कधीही, तर मी आहे. वरच्या दरबारात अर्ज करून नावावरचा डाग काढता येतो का ते पाहू. तो म्हणाला, "नईं साब." आणि पाटा पुढे ओढून कामाला लागला. दगडावर टाकीचे घाव एकसारखे पडत राहिले. मी थोडा वेळ बसलो. मग त्याची बायको दाराआडून बाहेर आली आणि तांगेवाला थांबलाय का, असं मला विचारलं. मला उठवण्याची तिची ती रीत होती. मी उठलो.

वर्षभराने मी पुन्हा गेलो. अर्जाचा मसुदा करून नेला होता, तो नको म्हणाला तरी. घराला बाहेरून कडी होती. शेजारच्या म्हाताऱ्याने सांगितलं की दोघं झाशीकडे गेली, तिकडे बायकोचा भाऊ असतो. गाव कोणतं ते त्याला सांगता आलं नाही. मी झाशीकडच्या दोन वकिलांना पत्रं टाकली. एकाचं उत्तर आलं, की अशा वर्णनाचे टाकी लावणारे इथे पुष्कळ आहेत, नाव आणि गाव नक्की कळवा. नाव मला माहीत होतं, गाव नव्हतं. तो मसुदा अजून माझ्याकडे आहे. त्यावर अंगठ्यासाठी सोडलेली जागा कोरी आहे.